सोयीचं नसलेलं

पावसाळा सुरू झाला तेव्हा हातात विष्णुभट गोडसे वरसईकरांचं 'माझा प्रवास' होतं. आता थंडी सरत आली आहे आणि उशाशी अरुण कोलटकरांची 'भिजकी वही' आहे. मधल्या काळात आत्मचरित्रं, एक कादंबरी, विज्ञानकथा, जंगलातल्या आठवणी आणि स्वयंपाकाची दोन पुस्तकं वाचून झाली. काही पहिल्यांदाच, काही पुन्हा. असं मिसळून वाचणाऱ्या माणसाला हमखास विचारलं जातं, की तुला यातलं नेमकं आवडतं तरी काय? प्रवासवर्णन की कविता? जुनं की नवं?

माझ्यापुरतं याचं उत्तर आता ठरलं आहे. प्रकार कोणताही असो, मी पुस्तकात एक गोष्ट शोधते. लिहिणाऱ्याच्या प्रतिमेला, त्याच्या माणसांना किंवा त्याच्या लाडक्या मताला जे सोयीचं नाही, ते त्याने पुस्तकात राहू दिलं आहे का? राहू दिलं असेल तर बाकीच्या पानांवरही माझा विश्वास बसतो. नसेल तर भाषा कितीही देखणी असली तरी मी सावध होते.

'माझा प्रवास'पासूनच सुरुवात करते. विष्णुभट हे पेणजवळच्या वरसई गावचे भिक्षुक. घरावर कर्ज झालेलं. ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे मथुरेला सर्वतोमुख यज्ञ करणार आहेत, तिथे चांगली दक्षिणा मिळेल, अशी बातमी आली आणि १८५७ साली ते काकांबरोबर उत्तरेकडे निघाले. महूच्या आसपास शिपाई भेटले, काडतुसांची कुजबुज कानावर आली. पाहता पाहता बंड पेटलं आणि दक्षिणेसाठी घर सोडलेला हा माणूस पुढच्या वर्षी झाशीच्या वेढ्यात सापडला. ह्यू रोजच्या फौजेने शहर घेतल्यावर जी कत्तल आणि लूट झाली, ती त्यांनी गावात जीव मुठीत धरून पाहिली.

झाशीच्या राणीवर मराठीत पुष्कळ लिहिलं गेलं आहे. विष्णुभटांच्या पानांतली राणी मात्र मला सगळ्यांत खरी वाटते, कारण तिच्याकडे पाहणारा माणूस स्वतः शूर नाही आणि शूर असल्याचा आवही आणत नाही. भीती वाटली तिथे ते भीतीच लिहितात. कुठे किती दक्षिणा पदरात पडली, कुठे जेवणाची व्यवस्था कशी होती, हेही तितक्याच इमानाने लिहितात. राज्यं बुडत होती आणि हा माणूस कर्ज कसं फिटेल याचा विचार करत होता, हे वाचून कुणी नाक मुरडेल. मला त्यातच या पुस्तकाचं मोल दिसतं. इतिहासाच्या उलथापालथीत सामान्य माणूस असाच जगतो. मिळवलेला पैसा वाटेत लुटला गेला आणि अखेर आई-वडिलांना स्नान घालण्यासाठी खांद्यावर गंगेच्या पाण्याची कावड घेऊन ते घरी परतले. एवढ्या मोठ्या प्रवासाची शिल्लक ती एवढीच, आणि तीही त्यांनी फुगवून सांगितलेली नाही.

या पुस्तकाची पुढची कहाणीही ध्यानात ठेवावी अशी आहे. चिंतामण विनायक वैद्यांनी ते १९०७ साली प्रसिद्ध केलं, पण संस्कार करून. अंमल इंग्रजांचा होता. सरकारच्या दृष्टीने किंवा त्या काळच्या अभिरुचीच्या दृष्टीने जे अडचणीचं वाटलं, त्याला कात्री लागली आणि भाषाही नीटनेटकी झाली. वैद्यांना त्यासाठी दोष देण्याचं मला काही कारण दिसत नाही. त्यांनी हात घातला नसता तर हा मजकूर छापला तरी गेला असता का, कोण जाणे. मूळ हस्तलिखिताबरहुकूम आवृत्ती दत्तो वामन पोतदारांनी १९६६ साली आणली. ती वाचताना विष्णुभटांचा आवाज पहिल्यांदा जवळून ऐकू येतो. वाक्यं लांबतात, विषय सुटतो, ऐकीव आणि पाहिलेलं यांची सरमिसळ होते. तरीही मला हाच मजकूर हवासा वाटतो, कारण इथे माणूस पुसला गेलेला नाही.

'माझा प्रवास' मिटवून लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' पुन्हा उघडली, आणि १८५७ माझ्यापुढे निराळ्याच दाराने आलं. लक्ष्मीबाईंच्या आजोबांना, म्हणजे आईच्या वडिलांना, त्या बंडाच्या संशयावरून फाशी झाली होती. या धक्क्यानंतर त्यांच्या वडिलांच्या मनात सोवळ्याने असं काही घर केलं, की सगळं बालपण त्या धुण्या-शिंपण्याखाली गेलं. विष्णुभटांच्या पुस्तकात बंड म्हणजे तोफा, पळापळ आणि लूट. इथे तेच बंड नाशिककडच्या एका घरात बायका-मुलांच्या रोजच्या छळाचं कारण होऊन बसलं आहे. इतिहासाच्या ग्रंथात ही दोन पानं कधी शेजारी आली नसती. माझ्या वाचनात ती आली, याचा मला फार आनंद झाला.

'स्मृतिचित्रे'चे भाग १९३४ पासून प्रसिद्ध होत गेले. त्यांच्या विनोदाचं सगळे कौतुक करतात आणि ते रास्तच आहे. पण मला या वेळी जास्त जाणवला तो त्यांचा निर्भीड सरळपणा. नवरा रेव्हरंड टिळक, नावाजलेला कवी, लोकांच्या आदराचं स्थान. त्यांच्यावर लक्ष्मीबाईंचं प्रेम प्रत्येक पानावर आहे. तरी त्यांचा संताप, त्यांचं न सांगता घरातून निघून जाणं, हाती आलेला पैसा उधळून टाकणं, यातलं काहीही त्यांनी झाकलेलं नाही. १८९५ साली टिळकांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला तेव्हा आपली काय अवस्था झाली, हे त्या लिहितात. त्याहून अवघड गोष्ट पुढे आहे. जातीपातीचा विटाळ त्यांच्या स्वतःच्या मनातून सहजासहजी गेला नाही, आणि तो कसा हळूहळू गेला, हे त्यांनी पायरी-पायरीने सांगितलं आहे. 'मी आधीपासूनच उदार होते' असं लिहिणं त्यांना किती सोपं होतं! त्यांनी ते लिहिलं नाही. म्हणून त्यांचा बदल मला पटतो. ज्या बाईला लग्नानंतर नवऱ्याने अक्षरओळख करून दिली, तिने मराठी गद्याला हा धडा दिला आहे.

आत्मचरित्राची हीच कसोटी दया पवारांच्या 'बलुतं'ला लावून पाहिली तर मान आदराने खाली जाते. १९७८ साली 'ग्रंथाली'ने ते प्रसिद्ध केलं आणि मराठी वाचकाला हादरा बसला. दगडू मारुती पवार हा आपली कथा दया पवार या लेखकाला सांगतो आहे, अशी त्याची रचना. एकाच माणसाचे दोन भाग समोरासमोर बसवल्यामुळे लेखकाला स्वतःची उलटतपासणी घेता येते. गावचा महारवाडा, मुंबईतला कावाखाना, तिथली दारिद्र्याने पिळलेली माणसं हे सारं त्यात आहेच. परंतु अत्याचाराची हकिकत सांगणारा माणूस स्वतःला निर्दोष ठेवू शकतो, वाचक त्याला तसं ठेवायला तयारही असतो. पवार ही सवलत घेत नाहीत. पहिल्या संसाराची मोडतोड सांगताना स्वतःतला संशयी पुरुष त्यांनी उघडा केला आहे. आपल्या माणसांच्या दुखऱ्या जागाही त्यांनी लपवल्या नाहीत, आणि त्याबद्दल आपल्याच लोकांचा रोष पत्करला. पहिल्या वाचनात मला या पुस्तकातला समाज दिसला होता. या खेपेला दिसला तो लिहिणाऱ्याचा धीर.

याच्या लगोलग स्वयंपाकाची पुस्तकं वाचली म्हटल्यावर काही जणांना ही घसरण वाटेल. मला तसं वाटत नाही. कमलाबाई ओगल्यांचं 'रुचिरा' १९७० साली आलं आणि मराठी मध्यमवर्गीय घरात ते लग्नाच्या आहेराइतकं रुळलं. वाटी आणि चमचा ही मापं धरून, कुणालाही जमेल अशा भाषेत पदार्थ सांगायचा, हा त्यातला साधेपणा मला आजही मोठा वाटतो. एकटी राहणारी, परगावी नोकरीला गेलेली, आई जवळ नसलेली किती माणसं या पुस्तकाच्या आधाराने जेवली असतील. 'रुचिरा'ची पानं मी मनापासून आदराने उलटते.

त्याच्या शेजारी मी शाहू पाटोळ्यांचं 'अन्न हे अपूर्णब्रह्म' ठेवलं. २०१५ साली आलेलं हे पुस्तक मराठवाड्यातल्या मांग आणि महार समाजांच्या खाण्याविषयी आहे. मांस वाळवून केलेल्या चान्या, रक्ताचे आणि आतड्यांचे पदार्थ, तेलाचा थेंबही जपून वापरणारी कालवणं, ज्वारीची भाकरी. मिळालं ते, उरलं ते, वाट्याला दिलं गेलं ते शिजवून पोट भरणाऱ्या माणसांचा स्वयंपाक त्यात आहे. कृती आहेत आणि कृतींच्या मागे या अन्नावरून माणसांना कसं हिणवलं गेलं, धर्मग्रंथांत आणि संतवाङ्मयात खाण्याची उतरंड कशी लावली गेली, याची चर्चाही आहे. लेखक कोणत्याही पदार्थाला आजच्या पाहुण्यासाठी साजरं रूप देत नाही. आपल्या समाजाच्या पानातलं जे दुसऱ्यांसमोर बोलायलाही संकोच वाटावा असं शिकवलं गेलं, तेच त्याने पुस्तकाच्या मध्यभागी मांडलं आहे.

दोन पुस्तकं शेजारी ठेवल्यावर 'रुचिरा'चं मोल कमी होत नाही. परंतु 'महाराष्ट्रीय स्वयंपाक' असं आपण सहज म्हणतो तेव्हा त्यात कोणाची चूल धरतो आणि कोणाची वगळतो, हा प्रश्न मात्र पुन्हा मिटत नाही. हा प्रश्न 'रुचिरा' एकटी विचारू शकत नव्हती. पाटोळ्यांचं पुस्तक एकटं वाचलं असतं, तर मलाही तो इतक्या जवळून भिडला नसता. माझ्याच स्वयंपाकघरातल्या फळीवर दुसरं पुस्तक उभं होतं, म्हणून तो भिडला.

कादंबरीत लेखकाला सगळंच रचता येतं, मग तिथे ही कसोटी कशी लावायची? प्रभाकर पेंढारकरांच्या 'रारंग ढांग'ने मला याचं उत्तर दिलं. १९८१ सालची ही कादंबरी. सीमेवर रस्ते बांधणाऱ्या संघटनेत दाखल झालेला तरुण इंजिनिअर विश्वनाथ मेहेंदळे, सतलजच्या खोऱ्यातला उभा कडा, तो फोडून काढायचा रस्ता, आणि त्या कामात जीव गमावणारे मजूर. विश्वनाथची बुद्धी आणि लष्कराची शिस्त यांची टक्कर होते आणि प्रकरण लष्करी न्यायालयापर्यंत जातं. अशा गोष्टीत वरिष्ठाला दुष्ट करून टाकलं की लेखकाचं काम सोपं होतं. पेंढारकरांनी मेजर बंबांना त्यांची बाजू दिली आहे. हुकूम पाळला नाही तर त्या डोंगरात काय होऊ शकतं, हे त्यांच्या बाजूने पाहिलं की वाचक क्षणभर नायकाच्या विरुद्ध उभा राहतो. आपल्या नायकाला अडचणीचं ठरेल एवढं बळ समोरच्याला देणं, हा कादंबरीकाराचा प्रामाणिकपणा. पुस्तक छोटं आहे, भाषा तुटक आहे, आणि हिमालयाच्या वर्णनांत एकही शब्द जास्त नाही. ज्यांना आपल्याकडे काम या विषयावर कादंबऱ्या नाहीत असं वाटतं, त्यांनी ही जरूर वाचावी.

जयंत नारळीकर मे २०२५ मध्ये गेले. त्यानंतर त्यांच्या विज्ञानकथा पुन्हा काढल्या. त्यांची पहिली विज्ञानकथा मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत पहिली आली. ती त्यांनी नारायण विनायक जगताप या नावाने पाठवली होती. स्वतःच्या आद्याक्षरांचा क्रम उलटा करून हे नाव तयार केलं होतं. आपल्या कीर्तीचा भार परीक्षकांवर पडू नये, ही त्यामागची भावना मला फार मोलाची वाटते. कथांबद्दल स्पष्ट सांगायचं तर माणसं रंगवण्यात त्यांना विशेष रस नाही. पात्रं बऱ्याचदा एखादी कल्पना समजावून देण्यापुरती बोलतात आणि निघून जातात. तरी 'धूमकेतू' ही कथा मला विसरता येत नाही. धूमकेतू शोधणारा हौशी खगोलनिरीक्षक दत्त, पृथ्वीवर येऊ घातलेलं संकट, ते टाळण्यासाठी शास्त्रज्ञांनी केलेला गुप्त प्रयत्न. आणि इकडे त्याच्याच घरात त्याच संकटाच्या निवारणासाठी चाललेला यज्ञ. संकट टळतं. ते कशाने टळलं, यावर त्याच्या घरच्यांचं मत काही बदलत नाही. विज्ञानाचा प्रसार हे ज्याने जन्मभराचं काम मानलं, त्याने विज्ञानाचा हा घरातला पराभव लिहून ठेवला आहे. इथे लेखकाने स्वतःच्या ध्येयाला सोयीचा शेवट नाकारला आहे, आणि त्यामुळे ही कथा त्यांच्या कितीतरी लेखांपेक्षा खोल जाते.

मारुती चितमपल्लीही २०२५च्या जूनमध्ये गेले. सोलापुरात वाढलेला, कोइमतूरला वनविद्येचं शिक्षण घेतलेला हा वनाधिकारी नवेगाव बांध, नागझिरा, मेळघाट इथल्या रानांत राहिला. त्यांचं आत्मचरित्र 'चकवाचांदणं' हे मराठीच्या शब्दसंपत्तीचं एक भांडार आहे. पक्ष्यांची, झाडांची, पाण्याच्या जागांची जी नावं आदिवासी आणि कोळी यांच्या तोंडी होती, ती त्यांनी नावांच्या धन्यांना मान देऊन मराठीत आणली. माझी तक्रार एवढीच, की ऐकलेली समजूत आणि स्वतः पाहिलेली गोष्ट यांच्यामधली रेघ या लेखनात काही ठिकाणी पुसट होते. निसर्गाच्या पुस्तकात ती रेघ ठळक हवी. असं असूनही, ज्ञान फक्त खात्याच्या फायलींत आणि इंग्रजी ग्रंथांत नसतं, हे एका सरकारी अधिकाऱ्याने इतक्या नम्रपणे मान्य करावं, ही गोष्ट मला फार मोठी वाटते.

आणि आता 'भिजकी वही'. २००३ साली आलेला हा संग्रह. पुढच्याच वर्षी कोलटकर गेले, आणि त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला तो त्यानंतर. देशोदेशीच्या आणि युगायुगांच्या स्त्रियांचे अश्रू हा त्याचा विषय. इजिप्तची आयसिस, तमिळ महाकाव्यातली कण्णगी, जमावाने ठार केलेली अलेक्झांड्रियाची गणिती हायपेशिया, नवऱ्याच्या कविता नष्ट होऊ नयेत म्हणून त्या पाठ करून जपणारी नादेझ्दा मांडेलश्ताम. ही वही सलग वाचवत नाही. संदर्भ शोधावे लागतात, थांबावं लागतं, काही पानांवर माहितीचं ओझं कवितेपेक्षा जड होतं. पण मराठी कवितेला सुखदुःखाचा एक ओळखीचा परिसर असतो. कोलटकरांनी तो सोडून परक्या बायकांच्या दुःखाला आपल्या बोलीत जागा दिली. वाचकाने टाळ्या द्याव्यात अशा ओळी ते अगदी सहज लिहू शकत होते. त्याऐवजी त्यांनी वाचकाला काम दिलं. मी ते काम अजून करते आहे.

या सगळ्यांच्या मध्ये एका यशस्वी माणसाचं आत्मचरित्रही वाचलं. नाव सांगण्यात अर्थ नाही, कारण अशी पुस्तकं बरीच आहेत. त्यात लेखकाचा प्रत्येक निर्णय बरोबर होता. विरोध करणारे सगळे क्षुद्र होते, आणि दोष कबूल केला असेल तर तो फार कष्ट करण्याचा किंवा फार सरळ असण्याचा. छपाई सुरेख, छायाचित्रं रंगीत. पुस्तक मिटल्यावर त्या माणसाविषयी मला काहीच कळलेलं नव्हतं. एका अर्धशिक्षित भिक्षुकाच्या कागदांत जो जिवंतपणा आहे, तो तिथे नव्हता, आणि त्याचं कारण लेखनकौशल्यात शोधायला नको.

मनोरंजनासाठी वाचायचंच नाही, असा याचा अर्थ कुणी घेऊ नये. बाबुराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांनी किती पिढ्यांना वाचायला लावलं! झुंजार आणि काळापहाड यांच्याकडे कुणी सत्याचा पुरावा मागू नये. त्यांनी वाचनाची भूक जागी केली, ते काम मोठं आहे. माझं म्हणणं त्या पुस्तकांबद्दल आहे, जी जगाबद्दल किंवा माणसाबद्दल काही खरं सांगितल्याचा दावा करतात.

ही कसोटी लेखकाला लावायची तर ती वाचकालाही लागते. मी फक्त ऐतिहासिक वाचतो, मी फक्त वैचारिक वाचते, कविता आपल्याला कळत नाही, असं म्हणणारा माणूस स्वतःची सोय पाहत असतो. एका प्रकारात रमलेल्या वाचकाला त्या प्रकाराचे संकेत इतके अंगवळणी पडतात, की त्यात काय वगळलं जातं हे दिसेनासं होतं. ते दिसायला दुसऱ्या कपाटातलं पुस्तक लागतं. विष्णुभटांना लक्ष्मीबाई लागतात, 'रुचिरा'ला पाटोळे लागतात. नारळीकरांचा तर्क वाचून झाल्यावर चितमपल्लींना प्रश्न विचारावेसे वाटतात, आणि चितमपल्लींच्या रानातून परतल्यावर नारळीकरांची पात्रं किती कमी जागेत वावरतात ते कळतं. पुस्तकं एकमेकांना तपासतात. वाचकाने त्यांना एकत्र बसवण्याचं काम करायचं.

त्यासाठी फार पैसा लागत नाही. महाराष्ट्रात १९६७ साली सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा झाला, आणि गावोगावी सरकारी अनुदानावर चालणारी वाचनालयं अजूनही उभी आहेत. पुण्याचं नगर वाचन मंदिर १८४८ पासूनचं आहे, ठाण्याचं मराठी ग्रंथ संग्रहालय १८९३चं. तुमच्या गावातही असं एखादं वाचनालय असेल. त्याचे सभासद व्हा. तिथे आपल्या नेहमीच्या कपाटातून एक पुस्तक घ्या आणि दुसरं अशा कपाटातून घ्या, ज्याच्यापुढे तुम्ही कधी उभे राहिला नाहीत. सुरुवात 'माझा प्रवास'पासून करणार असाल तर ग्रंथपालांकडे पोतदारांनी संपादित केलेली प्रत आवर्जून मागा. मजकूर ओबडधोबड आहे, पण तो विष्णुभटांचा आहे.